जामीनदाराचा रकाना

नात्यात सगळे त्यांना जामीनसाहेब म्हणत. बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवणाऱ्या एका बाईचे ते थोरले दीर. कुणाला शिक्षणासाठी कर्ज हवं असलं, की जामीन म्हणून सही यांची, आणि ती कधी फुकट मिळत नसे. एका भाच्याला त्यांनी सहीपायी मिशी उतरवायला लावली होती. भाचा पुढे इंजिनिअर झाला, पण मिशी ठेवायचं धाडस त्याला अजून होत नाही.

आता पाळी पुतणीची, म्हणजे त्या शिवणकामवाल्या बाईच्या पोरीची. पोरीला कीटकशास्त्र शिकायचं होतं. प्रवेश मिळाला होता, फीच्या मदतीचा अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस होता, आणि जामीनसाहेबांची अट एकच : विषय वाणिज्य.

"झुरळंच बघायची ना?" कॉलेजच्या पायऱ्या चढताना ते म्हणाले. "माझ्या गोदामात ये. हवी तेवढी आहेत. वर पगार देईन."

"काका, तुमच्याकडे एकाच प्रकारची आहेत."

आईनं तिला कोपरानं ढोसलं. अडल्या माणसानं गाढवाचेही पाय धरावेत म्हणतात. हे तर सख्खे दीर होते.

मदत विभागात कारकूनबाईंसमोर बसताच जामीनसाहेबांनी पेन उघडलं. "हं, सही कुठं?"

"आपण कोण?"

"जामीनदार."

"जामीनदार लागत नाही."

"लागत नाही म्हणजे? उद्या हिनं पैसे बुडवले तर?"

"बुडवणार काय? कॉलेजनं यंदापासून कर्ज देणंच बंद केलंय. आता अनुदान. परत करायचं नाही. प्रवेशाबरोबर पाठवलेल्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलंय की!"

पत्र आठ दिवस जामीनसाहेबांच्याच खिशात होतं. पण कुठल्याही कागदावर त्यांनी आजवर सहीच्या जागेपलीकडे काही वाचलं नव्हतं. त्यांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला.

"साक्षीदार?"

"नाही."

"निदान वडीलधारं माणूस म्हणून एखादी..."

"पालकांची सही पुरते. तुम्ही आई ना? इथं करा."

आईनं पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "फेडायचं कधीपासून?"

"फेडायचंच नाही."

"आणि व्याज?"

"अहो, मुद्दलच नाही, तर व्याज कुठून आणू?"

आईनं सही केली, इतकी जोरात की खालच्या कागदावरही उमटली. मग अर्ज पोरीपुढे सरकवला. "विषय लिही."

"वाणिज्य," जामीनसाहेब सवयीनं म्हणाले.

"भावोजी," तोंडात टाचण्या धरल्यासारखं बारा वर्षं जपून बोललेली ती बाई म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा. इथं गर्दी होतेय."

खोलीत मोजून चार माणसं होती. त्यातलं एक उठून बाहेर गेलं, आणि खरोखरच मोकळं मोकळं वाटायला लागलं.

पोरीनं 'कीटकशास्त्र' एवढं मोठं लिहिलं, की रकाना पुरेना. कारकूनबाईंनी न कुरकुरता शिक्का मारला.

बाहेर बाकावर जामीनसाहेब शेजारच्या अनोळखी गृहस्थाला विचारत होते, "सही कुठं करायची, सांगू का?"

आई तोवर पायऱ्या उतरायला लागली होती. एकदम दोन-दोन.

"आई, हळू!" पोर मागून ओरडली.

"तू ये गं पटापट!"