टाकीतलं फडकं

शिट्टीचा आवाज टिपून घ्यायला माणूस येणार म्हणून सकाळपासून इंजिनशेडमध्ये झाडलोट चालली होती, आणि फिटर मात्र सारखा दाराकडं बघत होता. कारण शिट्टी वाजवायला दादा येणार होता.

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, एकतीस वर्षं या छोट्या रेल्वेचा ड्रायव्हर राहिलेला. रेल्वे तरी कसली! अकरा किलोमीटरचा रूळ, तीन लाकडी डबे आणि एक म्हातारं वाफेचं इंजिन. वरच्या खाणी बंद पडल्या तेव्हाच ती भंगारात जायची, पण लोकांना तिचं वेड लागलं. सुट्टीच्या दिवशी शहरातून माणसं यायची. आजोबांना धुराचा वास आला की त्यांचे डोळे भरायचे, नातवंडं खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळायची, आणि मधल्यांना फोटो काढण्यापुढे काही सुचायचं नाही. डोळ्यात कोळशाचा कण गेला तरी कोणी कुरकुरायचं नाही, उलट तो एकमेकांना कौतुकानं दाखवायचे. "घरी फोडणी करपली तर बायकोवर खेकसतील," फिटर म्हणायचा, "आणि इथं तिकीट काढून धूर खातात, बघा!"

पण हौसेवर गाडी किती दिवस चालणार? मॅनेजरबाई हुशार होत्या आणि वाईट तर मुळीच नव्हत्या. चांगला कोळसा मिळेना, बॉयलरचे नियम दर वर्षी कडक होत चाललेले, आणि हे काम शिकायला नवा माणूस तयार होईना. त्यांनी तोडगा काढला. इंजिनाचं शरीर तेच, पोटात मात्र बॅटरी. धूर यंत्रातून, शिट्टी स्पीकरमधून. दादाची शिट्टी खालच्या वस्तीतले लोक घरात बसून ओळखायचे. आधी तोकडी, मग लांब, आणि शेवटी जरा लाडात आल्यासारखी उतरती. ती तेवढी जपून ठेवायची, असा बाईंचा बेत होता.

हा बेत पक्का झाला तो आठ महिन्यांपूर्वीच्या एका प्रकारामुळं. आणि तो प्रकार घडवला होता फिटरनं. हे जगात एकट्या फिटरला ठाऊक होतं.

त्या दिवशी मोठी पाहुणेमंडळी येणार होती. वाफेच्या गाडीला पुढं दहा वर्षं द्यायची की नाही, हे त्यांच्या हातात होतं. इंजिनाला नवा हिरवा रंग दिला होता. फिटरनं आदल्या दिवशी पाण्याची टाकी आतून खरवडली. खरवडताना गंज खालच्या नळीत जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडावर फडकं ठेवतात, आणि त्या फडक्याला लाल दोरी बांधून ती टाकीच्या झाकणाबाहेर लोंबती सोडतात. काम झालं की दोरी दिसते, फडकं आठवतं. गाढवालाही चुकता येऊ नये अशी पद्धत! पण त्या दिवशी फोटोवाला आधीच येऊन ठेपला होता. नव्या कोऱ्या हिरव्या टाकीवर ती मळकी दोरी लोंबताना बघून तो म्हणाला, "ती चिंधी तेवढी आत घाला ना." फिटरनं घातली. आणि विसरला.

फडकं टाकीच्या तळाशी कुठंतरी सरकलं असणार. स्टेशनात दादानं इंजेक्टर लावून पाहिला, म्हणजे टाकीतलं पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं यंत्र. पाणी नीट गेलं. पुढं चढ लागला, टाकीतलं पाणी मागं सरकलं, आणि फडकं जाऊन नळीच्या तोंडावर बसलं. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीतली पातळी भराभरा उतरू लागली. बॉयलर कोरडा पडला तर काय होतं हे दादाला सांगायला नको होतं. त्यानं गाडी थांबवली, भट्टीतले निखारे खाली ओतले, आणि बुटांत खडी जात असलेली पाहुणेमंडळी तीन किलोमीटर पायी उतरली.

कारण शोधायचं काम अर्थातच फिटरचं. त्यानं टाकी उपसली आणि हाताला फडकं लागलं. क्षणभर तो नुसता बघत राहिला. मग त्यानं ते पिळून खिशात घातलं. शेडबाहेर मॅनेजरबाई, पाहुण्यांतला एक अधिकारी आणि दादा असे तिघं उभे होते. फिटरच्या तोंडून निघून गेलं, "पाण्याचा कॉक बंद राहिला होता."

आता हे अगदीच अशक्य नव्हतं, इथंच तर सगळी गोम होती. स्टेशनात पाणी पाहून झालं की दादा कॉक बंद करायचा, फलाटावर ठिबकू नये म्हणून, आणि निघताना पुन्हा उघडायचा. चढावर पाणी थांबलं तेव्हा गडबडीत त्यानं तो कॉक दहा वेळा इकडं-तिकडं फिरवला होता. आणि इंजेक्टर एकदा कोरडा चालून तापला की मग कॉक उघडूनही लगेच पाणी ओढत नाही. कॉक आधी कसा होता, हे त्याला आता छातीठोकपणे सांगता येईना. तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी उघडला होता असं वाटतं खरं. पण तू म्हणतोस तर राहिला असेल."

तू म्हणतोस तर. तीनच शब्द, पण ते फिटरला आठ महिने जेवू देईनात. दादानं भांडायला हवं होतं, खोटारडा म्हणायला हवं होतं. पण धाकटा भाऊ आपल्याशी खोटं बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं तसं लिहिलेल्या अहवालावर सही केली आणि तिकीटखिडकीत जाऊन बसला.

फिटर स्वतःची समजूत घालायचा. दादा एकसष्टचा झाला, आज ना उद्या खाली उतरलाच असता. खिडकीत पंखा आहे, खुर्ची आहे, चहा जागेवर येतो. असं सगळं घोकून झालं की त्याला स्वतःचीच किळस यायची. दोनदा तर तो खिडकीपर्यंत गेला. एकदा दादानं विचारलं, "काय रे?" आणि हा म्हणाला, "सुटे आहेत का?"

मग गेल्या आठवड्यात वहिनी भेटली. रस्त्यातच थांबवून म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी यांच्याशी बोला. नातीला शाळेत सोडायचं बंद केलंय. म्हणतात, साधा कॉक लक्षात राहत नाही, पोरगी कुठं विसरून आलो तर? स्वयंपाकघरात चिठ्ठ्या चिकटवल्यात, गॅस बंद केला, कडी लावली. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, काही निघालं नाही. तरी ऐकत नाहीत. मलाही आता वाटायला लागलंय हो, खरंच काहीतरी होतंय त्यांना."

फिटर "बोलतो" म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

तर आज दादा आला. धुतलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. आवाज टिपणारा माणूस काठीवर माइक लावत होता, बाई त्याच्याशी बोलत बाजूला उभ्या होत्या. दोघे भाऊ इंजिनावर चढले. वाफ चढलेली होती, भट्टी गुरगुरत होती. आठ महिन्यांनी दादा आपल्या जागेवर उभा राहिला, पण हात मात्र त्यानं खिशातच ठेवले.

"कॉक बघतोस का जरा?" तो हळूच म्हणाला.

"तूच बघ की. तुझ्याच बाजूला आहे."

"मी बघितला रे. उघडा आहे असं दिसतंय. पण माझं मला खरं वाटत नाही. तू बघून सांग."

आता फिटरच्यानं राहवेना. तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी कॉक उघडाच होता. टाकीत माझं फडकं राहिलं होतं. मीच काढलं, मीच लपवलं, आणि तुझ्यावर ढकललं."

इंजेक्टरमधून पाणी ठिबकत होतं.

"फडकं कुठंय?" दादानं विचारलं.

"तेव्हा खिशात होतं. नंतर भट्टीत टाकलं."

"मला दिसलं नाही ते."

"तू तेव्हा हाताकडं बघत होतास."

दादानं खिशातून हात काढले. फिटरला वाटलं, आता बसणार एक सणसणीत. बसली असती तर बरं झालं असतं. पण दादानं कठड्याला घट्ट धरलं, इतकं की बोटं पांढरी पडली. "ड्रायव्हरकी गेली त्याचं मला काही नाही," तो म्हणाला. "मी डॉक्टरला मूर्ख समजलो रे. म्हटलं, याला काय कळतंय, माझा भाऊ डोळ्यांनी बघून सांगतोय." मग आवाज फुटला. "आठ महिने, नालायका! आठ महिने मी स्वतःला घाबरून जगलो!"

खाली बाईंनी वर पाहिलं. फिटर खाली उतरला आणि त्यांनाही सगळं सांगितलं, दोरीसकट. त्या म्हणाल्या, "अहवाल मी बदलून घेते. बॅटरीचं मात्र आता मागं फिरणार नाही, करार झालाय. तुमच्याबद्दल काय करायचं ते उद्या बघू."

"बघा," फिटर म्हणाला. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

दादानं शिट्टी एकदाच वाजवली. माइकवाल्यानं अजून एकदा मागितली, तेव्हा "पुरे" म्हणून तो उतरला. चालता चालता फिटरकडं न बघताच म्हणाला, "घरी चल. तूच सांग सगळ्यांना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, हा काहीतरी मनाचं बोलतोय. माझ्या सांगण्यावर घरात आता कुणी जात नाही."

फिटर निमूट त्याच्या मागून गेला. वहिनी भाजी निवडत होती. दादा उंबऱ्यातच उभा राहिला, चपलाही काढल्या नाहीत. फिटरनं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. दाराकडं एकदा पाहिलं, आणि मग पुढं वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "भावजी, त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणताय ना? चांगलं केलंत. मीही तसंच म्हणेन."

दादानं ते ऐकलं. तो नुसता फिटरकडं बघत राहिला.

"नाही वहिनी," फिटर म्हणाला, "खरंच मी केलंय." ती त्याच्या हातावर थोपटत राहिली. त्यानं हात सोडवून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं. तिचा विश्वास बसेपर्यंत त्याला ते तीनदा सांगावं लागलं.