मानसीची हिरवी गाडी

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, आणि मित्रांनो, एका लबाडीतला भागीदारही. मला तोंड नाही म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. आज सांगून टाकतो.

घाटकोपरच्या चाळीत मला जयवंतरावांनी आणलं. गिरणी बंद पडल्यावर ते एका सोसायटीत वॉचमन झाले होते. त्यांचा हर्षद तेव्हा अकरा वर्षांचा आणि मानसी सात. पहिल्या दिवशी अख्ख्या मजल्यावरची पोरं दारात चपला काढून मला बघायला बसली. असा मान मला पुन्हा मिळाला नाही.

चित्र बिघडलं की हर्षद कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचा. तरी जमलं नाही तर माझ्या डोक्यात चापट. फुंकरीतल्या थुंकीने माझ्या आतल्या पट्ट्या काळ्या पडल्या, चापटांनी सोल्डरचे टाके हलले. पण चापटीनंतर चित्र यायचं ना. मार खाऊन काम करणाऱ्याला आणखी मार मिळतो, हे मला उशिरा कळलं.

खेळ शर्यतीचा होता. लाल गाडी हर्षदची, हिरवी मानसीची. पण तिच्या रिमोटची वायर त्याने शोकेसच्या मागे नुसतीच सोडली होती. हिरवी गाडी मीच चालवत होतो. ती बिचारी जीभ बाहेर काढून बटणं दाबायची.

"दादा, माझी गाडी ऐकतच नाही रे."

"नीट दाब ना. तुला जमतच नाही."

जयवंतरावांना सगळं ठाऊक होतं. ते पेपराआड हसायचे. एकदा मी हिरवीला जिंकवलं. मानसी गॅलरीभर नाचली आणि हर्षदने चिडून मलाच बंद केलं.

पुढे मी माळ्यावर गेलो. जयवंतराव वारले. चाळीच्या जागी टॉवर ठरला, तेव्हा मानखुर्दला भाड्याने राहणाऱ्या मानसीने मला खाली काढलं आणि मरोळला संघमित्राच्या गाळ्यात आणलं. संघमित्रा जुनी यंत्रं दुरुस्त करते.

"शनिवारी दादाकडे सही करायला जायचंय, चाळीतल्या खोलीवरचा माझा हक्क सोडते म्हणून. त्याला हा चालू करून द्यायचाय," मानसी म्हणाली. "लहान होता, तरी अर्धा खेळ मला द्यायचा हो. मग खोलीसाठी त्याच्याशी काय भांडायचं?"

संघमित्राने मला टीव्हीला जोडलं. रस्त्याचे चौकोनी तुकडे झाले होते, गाड्यांवर झाडं उगवली होती. तिने दुसरी कॅसेट लावली. तेच. पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. तरी तेच.

"आवाज नीट आहे, गाडी बटणाला वळते. म्हणजे मेंदू शाबूत, फक्त चित्र फुटतंय." तिने मला उघडून एका चिपवर बोट दाबलं. रस्ता सरळ झाला. बोट उचललं, पुन्हा तुकडे. "टाके सुटलेत. डोक्यात मारत होतात ना याच्या?"

तिने टाके नव्याने घातले. पंचवीस वर्षांनी मला स्वच्छ दिसलं. मग तिने दुसरा रिमोट तपासायला घेतला आणि थांबली.

"ताई, दोघं खेळायचात म्हणालात ना? मग मागे या रिमोटच्या भोकावर कंपनीचं झाकण अजून कसं?"

मानसीने झाकण बघितलं. मग रिमोट. बटणं झिजून गुळगुळीत झाली होती. प्लग मात्र कोरा करकरीत.

"मग हिरवी गाडी कोण चालवत होतं?"

"हाच," संघमित्राने माझ्याकडे बोट दाखवलं. "काढू झाकण?"

"नको," मानसी म्हणाली. "राहू दे."

शनिवारी हर्षदने टेबलावर कागद आणि पेन मांडून ठेवलं होतं.

"आधी एक गेम," मला टीव्हीला जोडत मानसी म्हणाली. "मी लाल. तू हिरवी घे."

तो हौसेने बसला. मी हिरवीला मुद्दाम खड्ड्यात घातलं.

"मानू, हा रिमोट चालत नाही गं."

"नीट दाब ना. तुला जमतच नाही."

तो हसला. मग त्याने वाकून माझ्या मागचं झाकण बघितलं, आणि बराच वेळ वर आला नाही. मानसीने शर्यत पूर्ण केली, पर्स उचलली आणि गेली. कागदावर सहीची जागा तशीच राहिली.

आता मी हर्षदच्या टीव्हीखाली असतो. तो मला लावत नाही, टाकूनही देत नाही.

मित्रांनो, कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, कोरड्या फडक्याने पुसा. चालणाऱ्याला चापट मारू नका. आणि धाकट्याच्या हातात रिमोट दिलात, तर त्याची वायर त्यालाच लावू द्या.