आभाळ आलं की केबल जाते

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे झुलालने आपली चूक लपवली असं पुढे कुणी म्हणायला नको. त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी आमच्या गावातल्या निम्म्या लोकांशी भांडलो, आणि त्यातलं एकही भांडण बरोबर माणसाशी नव्हतं.

गाव आमचं सोनगीरच्या अलीकडे, हायवेवरून आत. घराच्या पुढच्या खोलीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ कुणी आणेनासं झालं तेव्हा मी केबल टाकली. मागच्या खोलीत टेबलावर एक व्हीसीआर आणि त्याच्या शेजारी बूस्टर. बूस्टर म्हणजे ट्रंकेएवढी लोखंडी पेटी. मी कॅसेट लावली की तिच्यातलं चित्र ही पेटी तारेवरून बेचाळीस घरांत पोचवायची. आतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून पेटीला वरच्या अंगाला जाळी होती. पेटी फार तापली तर आपोआप बंद व्हायची, निवली की परत चालू. ती बंद झाली की बेचाळीस घरांच्या टीव्हीवर एकदम मुंग्या.

मग जो माणूस आधी बाहेर येईल तो दगड घ्यायचा आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळचा लोखंडी खांब बडवायचा. गावात तीच घंटा. टण् टण् ऐकलं की मी दुकानातून मागच्या खोलीकडे पळायचो.

होळी झाली आणि पेटीचं डोकं फिरलं. दुपारचा पिक्चर लावावा, अर्धा-पाऊण तास सुखाचा जावा, आणि नेमकी नायिकेच्या बापाने बंदूक उचलली की टण् टण्. मी जाऊन बघतो तर पेटी तव्यासारखी तापलेली. पंधरा-वीस मिनिटांनी निवायची, परत चालू व्हायची, तोवर पिक्चरमध्ये बाप मेलेला. कुणी मारला ते कुणालाच कळायचं नाही. संध्याकाळी पारावर लोक मला विचारायचे, आणि मीही तो पिक्चर पाहिलेला नसायचा.

दोन दिवस नीट जायचे, तिसऱ्या दिवशी परत तेच. मी पहिला धरला झिपरूला. झिपरूची पिठाची चक्की आमच्या मागच्या गल्लीत. चक्की सुरू झाली की व्होल्टेज हलतं, म्हणून माझी पेटी तापते, असा मी शोध लावला आणि भर चौकात त्याला वाटेल ते बोललो. बिचाऱ्याने आठवडाभर दुपारी चक्की बंद ठेवली. बायका दळणाचे डबे घेऊन दारात बसून राहिल्या. पेटी त्या आठवड्यातही तीनदा बंद पडली. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. झिपरूची माफी मागायला गेलो तेव्हाही माझा आवाज चढलेलाच होता, म्हणून ती माफी धरावी की नाही, ते त्याला बराच वेळ कळलं नाही.

बायको माझी साक्रीला माहेरी गेलेली, पहिलं बाळंतपण. घरात मी आणि माझी माय, सुंदरबाई. माय त्या दिवसांत बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, मागे होती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माझ्या दोन्ही बहिणी माहेरी येणार, त्यांना जाताना ज्वारीच्या बिबड्यांची दुरडी बांधून द्यायची, हा तिचा नेम. पहाटे चुलीवर ज्वारीचा घाटा शिजायचा, मग गच्चीवर धोतरं पसरून माय त्यावर हाताने गोल गोल बिबडे थापायची. यंदा तिचा घाटा काही संपतच नव्हता. एवढे बिबडे कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू तुनी पेटी देख."

शेवटी धुळ्याहून बन्सीलाल मेकॅनिकला बोलावलं. सगळ्या जिल्ह्यात केबलवाल्यांच्या पेट्या तोच बघायचा. तो आला त्या दिवशी कडक ऊन होतं. त्याने पेटी खोलली, फुंकली, पुसली, पाच तास चालवून बघितली. मायने त्याला बिबडे भाजून दिले, वर तेल-चटणी. बन्सीलाल ते मोडत मोडत म्हणाला, "झुलालभाऊ, मशीन तुमच्यापेक्षा थंड आहे. मशीनला काही झालेलं नाही."

तो एसटीत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी टण् टण्.

तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला लागलो. पेटी बंद पडली की त्या तारखेवर फुली, आणि शेजारी काय काय झालं ते बारीक अक्षरात. तीन आठवड्यांनी फुल्या बघत बसलो आणि एकदम उजेड पडला. ज्या ज्या दिवशी आभाळ आलं होतं, त्याच दिवशी पेटी गेली होती. त्या वर्षी चैत्रात आभाळ सारखं येत होतं, पाऊस नाही नि काही नाही, नुसतं काळवंडून जायचं. बन्सीलाल आला त्या दिवशी ऊन होतं म्हणून पेटी शहाण्यासारखी वागली. मला इतका आनंद झाला की मायला हाक मारून कॅलेंडर दाखवलं. हवेतला ओलावा पेटीत शिरतो आणि ती तापते, असं तिला समजावून सांगितलं. माय म्हणाली, "आभाळनं काय खरं नही भाऊ. मना बिबडाबी वाळत नहीत."

मी दुकानातला टेबलफॅन पेटीच्या शेजारी आणून ठेवला. माय खूश झाली. "हाई चांगलं कयं तू," म्हणाली. मला वाटलं, आपल्या धंद्याची काळजी हिलाही आहे.

पंखा लावूनही पुढच्या आभाळाला पेटी बंद पडली. त्या संध्याकाळी भाईदास नाना दुकानात आले. गावात नानांचा शब्द चालतो. खुर्चीवर न बसता उभ्यानेच बोलले.

"झुलाल, पारावर ठरनं. येत्या रविवारी दुपारना पिक्चर पुरा व्हयना तं ठीक. नही तं आम्ही बठ्ठा सोनगीरना चुडामणनी तार लिसूत."

चुडामण सोनगीरचा केबलवाला, त्याच्याकडे दोन व्हीसीआर होते आणि त्याची तार आमच्या शिवारापर्यंत आलेलीच होती. बेचाळीस घरं गेली तर माझ्याकडे राहतं काय? बिघडलेले रेडिओ, तेही लोक न्यायला विसरलेले. बायको साक्रीहून बाळ घेऊन परत येईल तेव्हा मी तिला काय तोंड दाखवणार होतो? खरं सांगतो, त्या रात्री मी घाबरलो होतो. रागबिग काही नाही, नुसती भीती.

रविवारी सकाळी उठून आधी वर बघितलं. आभाळ गच्च.

मी ठरवलं, आज दुकान बंद. पिक्चर लावायचा आणि पेटीसमोर स्टुलावर बसून राहायचं. तिला काय होतं ते आज डोळ्यांनी बघतो. दोन वाजता कॅसेट लावली, पंखा लावला, बसलो. पाव तास झाला, अर्धा झाला. दर पाच मिनिटांनी मी जाळीवर तळहात धरून बघत होतो. हवा कोमट, बस.

माय दारात आली. पदराखाली काहीतरी मोठं धरलं होतं. मला बघून परत गेली.

दहा मिनिटांनी पुन्हा आली. "चहा मांडू का? पुढं जाई बस जरासा."

"नको."

तिसऱ्यांदा आली तेव्हा पिक्चर मध्यावर आला होता. "तू कव्हय उठशी?"

"पिक्चर संपेपर्यंत उठत नाही. आज माझ्या पोटावर पाय यायची वेळ आहे आणि तुला काय सुचतंय?"

मी ओरडलोच. तशी तीही चिडली. राग मला काही बापाकडून मिळालेला नाही. तिने पदर मागे टाकला. हातात पितळी परात, परातीत ओलं धोतर, आणि त्यावर अर्धे ओले बिबडे.

"मंग हाई कोठे ठेवू? गच्चीवर ऊन नही. पेटी गरम ऱ्हास, पंखा बी शे, घटकाभरमा वाळतस. सरक."

मी स्टुलावरून उठलो. परातीकडे बघितलं, पेटीच्या जाळीकडे बघितलं. परात पेटीवर ठेवली असती तर जाळी काठोकाठ झाकली असती, मुंगीलाही बाहेर पडायला जागा राहिली नसती.

"माय, तू रोज ही परात इथे ठेवतेस?"

"रोज कसाले? आभाळ येस तव्हय ठेवस."

"मग मी आत आलो की ती दिसत कशी नाही?"

"खांब वाजना का मी उचली लेस. तू येशी, तुना मांगे मानसं येतीन. ओला बिबडासले नजर लागनी का ते फाटतस." हे तिने असं सांगितलं, जसं काही शाळेतल्या पोरालाही ते ठाऊक असतं.

खांब तिच्या खिडकीशी. माझ्याआधी तिलाच ऐकू यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी चक्की बंद पाडली, धुळ्याहून मेकॅनिक आणला, आभाळाला नावं ठेवली, आणि वरून बिबडे वाळवायला पंखासुद्धा लावून दिला.

रागवायला तोंड उघडलं, पण आधी एक विचारलं. "दोन बहिणींना एवढे बिबडे कशाला लागतात?"

माय परात धरून तशीच उभी होती. तिचा आवाज खाली आला. "ते पोरीसना नहीत. तुनी पेटी बंद पडनी का ज्या घरना मानसं जास्त बोलतस, त्या घरमा मी बिबडा दी येस. म्हनस, मना पोर रागीट शे पन लबाड नही, जरासा दम धरा."

म्हणजे पेटी बंद पडली की माय बिबडे वाटणार, वाटले की नवे करणार, नवे केले की ते पेटीवर येणार, आणि पेटी बंद पडणार. सगळ्या गावात मी भांडत फिरलो आणि माझ्यामागून ती परात घेऊन फिरत होती. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मी तिच्या हातातून परात घेतली आणि पिक्चर संपेपर्यंत पंख्यासमोर मांडीवर धरून बसलो. बिबडे वाळले. पिक्चरमधला बाप मेला तो मुनिमाच्या हातून, हेही त्या दिवशी साऱ्या गावाला कळलं.

नाना संध्याकाळी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते नुसते मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी मी खोलीत पेटीपासून दोन हात वर एक फळी ठोकली. परातीला फळी, पेटीला मोकळी जाळी. झिपरूची परत एकदा माफी मागितली, या वेळी हळू आवाजात.

मग पेटी बंद पडलीच नाही. आखाजी झाली, बहिणी दुरड्या घेऊन सासरी गेल्या, बायको मुलगी घेऊन आली. चुडामणची तार शिवारातच राहिली. मला वाटलं लोक खूश असतील, पण पारावर गेलो की कुणी मनापासून बोलेना. एकाने विचारलंही, "काय झुलाल, आता कधीच बंद पडत नाही का?"

ज्येष्ठातली एक दुपार. पिक्चर चालू, ऊन लख्ख, मी दुकानात. आणि टण् टण्.

मी धावत मागे गेलो. पेटी चालू. दार उघडून बाहेर आलो तर खांबाजवळ भाईदास नाना, हातात दगड.

"नाना, केबल चालू आहे. तुमच्या घरी मुंग्या दिसतात का?"

"नही रे. चांगलं दिसी राहिनं."

"मग वाजवलं कशाला?"

नानांनी दगड खाली ठेवला, हात धोतराला पुसले. "तुले नही वाजाडं. तुनी मायले वाजाडं."

बेचाळीस घरं माझी आहेत असं मला वाटत होतं. ती तिची होती. मी मायला हाक मारायला वळलो, तर ती आधीच दारात उभी होती, पदराखाली बिबड्यांचं ताट घेऊन.