झुंबरबाईच्या केळीवरची तार

मी वरून बोलतेय. इकडेतिकडे नको, टॉवरच्या अगदी शेंड्याला बघा. खालच्या जाड तारांतून वीज जाते. त्यांच्या डोक्यावर जी एकटी बारीक तार दिसते ना, ती मी. कागदावर माझं नाव ओपीजीडब्ल्यू. जीभ अडखळते म्हणून माणसं मला काचेची तार म्हणतात. म्हणोत बापडी!

करंगळीएवढी माझी जाडी. पोटात केसासारखे चोवीस काचेचे धागे, त्यांतून उजेडावर निरोप पळतात. बाहेर पोलादाचा पीळ. आकाशातली वीज कोसळलीच तर ती अंगावर घ्यायची आणि जमिनीत सोडायची. वजन म्हणाल तर किलोमीटरला साडेचारशे किलो. हातभर तुकडा पावशेरही भरणार नाही, पण दोन टॉवरांमध्ये लोंबायला लागले की दीड क्विंटलच्या आसपास जाते. आणि स्वस्थ बसणं मला मुळी जमतच नाही. जरा वारा सुटला की थरथर सुरू.

आधी नरडाण्याला ड्रमावर गुंडाळलेली पडून होते. नुसता जीव उबगला होता. अठ्ठ्याण्णव साली एकदाची भडगावकडे निघाले, गिरणाकाठी मला ओढायचं काम सुरू झालं, आणि वाटेत आली झुंबरबाईची केळी.

झुंबरबाई एकटी बाई. बाग तिनं स्वतः वाढवलेली, घड कापणीला आलेले. मला ओढायचा दोर लावायला माणसं आली तशी ती बांधावर आडवी आली. "भाऊ, आठ दिन थांबा ना. घड उतरी ग्यात म्हंजे खुशाल ओढा."

बन्सीलाल मुकादम धुळ्याचा, घाईचा माणूस. "आक्का, तार वरून जाणार. तुमच्या पानालासुद्धा लागणार नाही."

मीही मनात चरफडत होते. आठ दिवस? अहो, मला वर जायचं होतं!

तिचं न ऐकता दुपारी ओढायला घेतलं. निम्म्यावर आले आणि दोर तुटला. फाटकन! ताण गेला, मी सैल पडले आणि सरळ खाली आले. मला जोराचा बाक बसला की आतली काच गेलीच. मग जन्मभर नुसतं ओझं. 

पण जमीन लागलीच नाही. लागली ती केळी. केळीचा एकेक खांब कच्चकन मोडत गेला आणि मला हळू हळू खाली घेत गेला. चिकाने माझं अंग भिजलं. घड मातीत लोळले.

माणसं धावली. एका टोकाला यंत्र लावून उजेड सोडला, आणि दुसऱ्या टोकाकडून आरोळी आली, "चोवीसच्या चोवीस चालू!" सगळे नाचायला लागले. केळीकडे कोणी बघेना.

झुंबरबाई मोडलेल्या खांबांत उभी होती. तिनं बन्सीलालला विचारलं, "तारमधली काच फुटनी का?"

"नाही, आक्का." त्याची मान खाली गेली.

"मंग बरं व्हयनं. एक तरी वाचनं."

तेव्हा मला रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

भरपाई तिला मिळाली, ते काम बन्सीलालनं धावपळ करून केलं. मी दुसऱ्याच दिवशी वर चढले, नीट आवळली गेले. आता धुळे-जळगावचे कुठलेकुठले निरोप रात्रंदिवस माझ्या पोटातून पळतात.

पण झुंबरबाईनं पुन्हा केळी लावली ती मला सोडून. बरोबर माझ्या खालचा पट्टा तिनं कपाशीला दिला. निंदताना वारा आला आणि मी थरथरले की ती खुरपं टाकते, वर बघते आणि लगबगीनं बांधावर जाऊन उभी राहते. मी स्वतःला घट्ट धरायला बघते, ते काही जमत नाही. थरथर वाढतच जाते.

तुम्ही रस्त्यानं जाता, तुम्हाला तोंड आहे. बांधाशी जरा थांबा आणि तिला माझा एवढा निरोप सांगा: आक्का, मी आता पडत नाही. माझ्या खाली केळी लाव.