सतरा नंबरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. सोलापूरच्या दक्षिणेला सरकारी राखीव जंगलाची एक टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी मी उभा आहे. पाथरवटाने माझ्या पोटावर सतरा आकडा कोरला. माझ्या आत जंगल, बाहेर शेते.

श्रावणात शुक्रवार पेठेतली माणसे गाड्या जुंपून टेकडीवर येत. धावड्याच्या झाडांच्या सावलीत शिदोरी सोडत, मुले झोके घेत. जाताना मात्र फांद्या मोडून नेत. रखवालदार गुरुबसप्पा ओरडून दमायचा.

एके सोमवारी त्याची बायको चंद्रव्वा तेल-शेंदूर घेऊन आली आणि मला माखू लागली.

"अगं, त्यो सरकारी नोकर हाय, माझ्यासारखा. त्येला कसला निवद?"

"तुमाला मिळतोय की दोन येळा! तुमच्या वरडण्याला कोन भितंय? देव बसला म्हंजी फांदीला हात लावत्याल का?"

खरेच, फांद्या वाचल्या. दर सोमवारी ती शेंदूर लावायची आणि वर पाच बोटे उमटवायची. आकडा बुजला. मला मान आवडत होता, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही.

पौषात चंद्रव्वा तापाने गेली. गुरुबसप्पा रोज येई, तिच्या बोटांच्या ठशांवर आपली बोटे ठेवी आणि कामाला जाई.

१९२८ च्या उन्हाळ्यात लाकडाचा ठेकेदार शेजारची जमीन घेऊन कुऱ्हाडी लावायला आला. रेंजरसाहेब नकाशा घेऊन आले.

"सायेब, ह्यो तर देव," ठेकेदार म्हणाला. "हद्द वर हाय, टेकडीवर. हितली झाडं माझी."

"गुरुबसप्पा, सतरा नंबर दाखव," साहेब म्हणाले. "नाहीतर झाडं त्यांची."

गुरुबसप्पाने कोयता काढला. मग तिच्या ठशांवर आपली बोटे ठेवली.

"उरक की गा!" ठेकेदार म्हणाला.

"चंद्रव्वा, तुझीच झाडं हायती ही," असे पुटपुटून त्याने खरवडायला सुरुवात केली. आधी ठशातली करंगळी गेली. मग एकेक बोट गेले. खाली सतरा निघाला. कुऱ्हाडी परत गेल्या.

शेंदराचे पोपडे त्याने उपरण्यात बांधून घेतले. पुढच्या सोमवारी तो स्वतः तेल-शेंदूर घेऊन आला आणि माझ्या पाठीला लावून गेला. बोटे मात्र त्याने उमटवली नाहीत.

मित्रांनो, टेकडीवर जरूर या. धावड्याखाली घटकाभर बसा. पाठीला हवा तेवढा शेंदूर लावा, पोटावरचा आकडा मोकळा ठेवा. आणि फांदी मोडू नका. ती वाचवायला एका माणसाने आपल्या बायकोचा हात पुसला आहे.