आपापला चेहरा

अनिरुद्ध प्लास्टिकच्या स्टुलावर चढला, डाव्या हाताने फ्लेक्स ताणून धरला आणि कटरने स्वतःचा चेहरा कापायला लागला. हनुवटीपासून सुरुवात, मग कानाला वळसा, कपाळावरून पलीकडे आणि परत खाली. शर्मिला दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती.

"अहो, बेताने. गळा कापाल."

"गळा नाहीये फोटोत. गळ्याच्या वरचंच आहे सगळं."

पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत अर्शिया वाळत घातलेले कपडे काढत होती. लेकीचा, सिद्राचा, एक फ्रॉक तिने तीनदा घडी घालून तीनदा उलगडला. अनिरुद्ध खाली उतरला. हातातला गोल तुकडा कुठे टाकावा म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात कचऱ्याचा डबा होता, त्याच्याकडे दोन पावलं गेलाही. मग थांबला, तुकडा दुमडला आणि शर्टाच्या खिशात घातला. सकाळपासून अर्शियाने पाहिलेल्या प्रत्येकाने हेच केलं होतं. स्वतःचं तोंड कचऱ्यात टाकायला कोणाचा हात धजत नव्हता.

कसब्यातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला तो शुक्रवारी. माजी नगरसेवक जयसिंगभाऊंनी लावला होता. वर दरवाजाएवढा मोठा एका परदेशी नेत्याचा चेहरा, शेजारी हात जोडलेले भाऊ आणि मोठ्या काळ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तो नेता आठवड्यापूर्वी वारला होता. काही जणांच्या लेखी तो बलाढ्य देशांपुढे न वाकलेला वाघ होता, काही जणांच्या लेखी आपल्याच देशातल्या पोरीबाळींना तुरुंगात घालणारा माणूस. भाऊंना पलीकडच्या मुस्लिम वस्तीच्या वॉर्डातली मतं हवी होती, म्हणून त्यांनी एका सभेत त्याच्यासाठी डोळे पुसले. ते डोळे टीव्हीवर दिसले आणि रात्रीत सगळ्या पुण्यात गदारोळ झाला.

भाऊंचं भाऊंनी पाहिलं असतं. पण फ्लेक्स करणाऱ्या चेतनने घाईत गणेशोत्सवाचीच फाईल उघडली होती. गणपती काढून तिथे तो नेता बसवला, 'हार्दिक शुभेच्छा' पुसून 'श्रद्धांजली' लिहिलं आणि खालची मंडळाच्या कार्यकर्त्यांची गोल गोल फोटोंची पट्टी तशीच ठेवली. 'शुभेच्छुक'च्या जागी फक्त 'शोकाकुल' आलं. गल्लीतली एकूण एक माणसं त्या नेत्याच्या दुःखात बुडालेली दिसू लागली. त्यांत उजव्या कडेला अमीन, अर्शियाचा नवरा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि गणपतीत त्याने मंडळाच्या मांडवात डोळे तपासायचं शिबिर घेतलं होतं, म्हणून तो पट्टीत.

फ्लेक्स उतरवायची कोणाची छाती नव्हती. भाऊंशी वाकडं कोण घेणार? मग स्वतः चेतननेच तोड काढली. ज्याचा चेहरा त्याने कापून न्यावा, त्याला भाऊ तरी काय म्हणणार? पहिला चेहरा त्याने स्वतःचाच कापला.

आता पट्टीत भोकंच भोकं झाली होती. भोकांतून मागच्या किराणा दुकानाचं शटर दिसत होतं. फक्त अमीन हसत उरला होता.

सुरुवातीला गल्लीच्या ग्रुपवर सगळ्यांनी भाऊंनाच धुतलं. दत्तोबा नावाचे निवृत्त पोस्टमास्तर होते, दिवसभर मंडळाच्या पायरीवर पेपर वाचत बसायचे. त्यांनी लिहिलं, "आमचे वडील गेले तेव्हा भाऊंना दहाव्याला यायला सवड नव्हती. तिकडचे कोणी गेले की सवड होते. आपणही तिकडेच मरावं म्हणतो." त्यावर हसून झालं. मग कोणीतरी लिहिलं, "बाकीच्यांचं ठीक आहे. अमीनभाईंनी मात्र खुलासा करावा." आणि त्या वाक्याखाली अंगठे उमटत गेले.

अर्शियाने ते अंगठे एकेक करून उघडून पाहिले होते. त्यांत एक शर्मिलाचा होता.

स्टूल ठेवून शर्मिला वर आली ती रिकामा डबा परत द्यायच्या निमित्ताने. डबा दोन आठवड्यांपासून तिच्याकडे होता.

"उद्याची तयारी झाली?"

"होतेय."

उद्या रविवार. सिद्राचा चौथा वाढदिवस. गल्लीतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींना बोलावणं गेलेलं होतं, शर्मिलाच्या ओवीला तर सर्वांत आधी. आतल्या खोलीत सिद्रा फुगे रंगांप्रमाणे वेगळे करत होती. तिने तिथूनच विचारलं, "मावशी, ओवी गुलाबी फ्रॉक घालणार आहे?"

शर्मिलाने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"अर्शिया, एक सांगू? तुम्ही दोन ओळी टाका ना ग्रुपवर. आमचा त्या माणसाशी संबंध नाही, आम्ही निषेध करतो, एवढंच. विषय संपेल. लोक उगाच बोलतात गं. माझ्या मनात काही नाही. पण उद्या मुलांना पाठवायचं म्हटलं की..."

"की काय?"

"तूच समज ना."

"नाही समजत. सांग."

शर्मिलाने तिच्याकडे पाहिलं नाही. "सगळे येतील मग, एवढंच म्हणते मी," असं म्हणून ती जिना उतरली.

दुपारी अमीन जेवायला आला तेव्हा त्याला ग्रुपचं सगळं ठाऊक होतं. दोन घास खाऊन त्याने हात पुसला आणि फोन घेतला.

"लिहून टाकतो. वाद नको. आणि खोटं कुठे लिहायचंय? तुझंच मत आहे ना ते? तिथल्या मुलींना पकडलं तेव्हा कॉलेजच्या भित्तीपत्रकात तूच लिहिलं होतंस. प्राचार्यांनी बोलावून घेतलं होतं तुला."

ते खरं होतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती ती. रात्रभर जागून लिहिलं होतं आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं राहूनही त्यातला एक शब्द बदलला नव्हता.

"तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं," अर्शिया म्हणाली. "मला वाटलं म्हणून लिहिलं. आता हे मागतायत. मागून घेतलेलं मत मी नाही देणार, अमीन. माझं असलं तरी नाही."

"सिद्राचा वाढदिवस आहे उद्या."

"माहितीये मला. मीच केकची ऑर्डर दिलीये."

सासूबाई, कमरजहां, पानात भात वाढता वाढता थांबल्या. "तुझे सासरे मॅच असली की दुकानातला रेडिओ बंद ठेवायचे," त्या म्हणाल्या. "कोण जिंकलं तर आपण हसायचं, कोण हरलं तर नाही, ते त्यांना समजायचं नाही. म्हणून रेडिओच बंद. लिहून टाकू दे त्याला, बेटा. दोन ओळींनी काय होतं?"

अर्शियाने आतल्या खोलीकडे पाहिलं. सिद्रा जमिनीवर मांडी घालून एकेका फुग्याला मैत्रिणीचं नाव देत होती. हा ओवीचा, हा रेवाचा.

"अम्मी, आज दोन ओळी दिल्या की दर वेळी द्याव्या लागतील. जगात कुठेही कोणी मेलं की. उद्या हिच्याकडे मागतील, शाळेत."

अमीनने फोन पालथा ठेवला. त्या रात्री अर्शिया दोनदा उठून दाराची कडी पाहून आली.

रविवारी सकाळी तिने शर्मिलाचं दार वाजवलं. अनिरुद्धने उघडलं.

"स्टूल हवं होतं जरा."

अनिरुद्धचा चेहरा एकदम सैल झाला. "वहिनी, मी काढून देतो ना. एका मिनिटाचं काम."

"नको. ज्याचा त्याने काढायचा, असं ठरलंय ना?"

गल्लीत रविवारची सकाळ होती. दुधाच्या पिशव्या, इस्त्रीचे कपडे, पायरीवर दत्तोबांचा पेपर. अमीन म्हणाला, "मी चढतो." ती म्हणाली, "तू धर." शिवणकामाची मोठी कात्री घेऊन ती वर चढली. स्टूल डुगडुगलं, ते अमीनच्या हातांना कळलं. त्याने पकड घट्ट केली.

"वहिनी!" मंडळाच्या ओट्यावरून चेतन फोन उंच धरून आला. "थांबा, व्हिडिओ काढतो. कापता कापता दोन शब्द बोला. मी टाकतो ग्रुपवर, म्हणजे प्रश्नच मिटला."

कात्रीचं टोक अमीनच्या हनुवटीपाशी थांबलं.

"अनिरुद्धदादांचा काढला होतास?"

"काय?"

"व्हिडिओ. काल ते कापत होते तेव्हा."

"नाही."

"तुझा?"

"माझा कशाला? आपला काय संबंध त्या माणसाशी?"

"आमचाही तेवढाच आहे."

"तसं नाही वहिनी. लोक विचारतात म्हणून..."

"तुला विचारलं लोकांनी?"

चेतनने अनिरुद्धकडे पाहिलं. अनिरुद्धने इस्त्रीवाल्याकडे. स्टूल गेलं तशी मागोमाग आलेली शर्मिला आपल्या दारात उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

अर्शियाचा आवाज चढला नाही. तो चढू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताने फ्लेक्सची दोरी पकडली होती. "चेतन, फ्लेक्स भाऊंनी लावला. बनवलास तू. अमीनचा फोटो आहे तो डोळे तपासायच्या शिबिराचा. तुझ्या आईचा चष्मा त्याच शिबिरातला. इथे कोणी खुलासा द्यायचाच असेल तर तू दे."

पायरीवर पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"टाक खुलासा, चेतन," पेपराआडून दत्तोबा म्हणाले. "शुद्धलेखन मात्र तपासून घे. 'श्रद्धांजली' चुकलंय तुझं फ्लेक्सवर."

कोणीतरी फस्सकन हसलं. चेतनचा हात खाली आला.

अर्शियाने कापलं. सावकाश, कडा अजिबात न फाटू देता. उतरून तिने तुकडा अमीनकडे दिला, स्टूल उचललं आणि शर्मिलापुढे नेऊन ठेवलं.

"तुम्ही सगळ्यांनी केलं तेवढं मीही केलं," ती म्हणाली. "याच्या पुढे एक शब्द नाही. संध्याकाळी पाचला केक कापणार आहोत."

शर्मिलाने स्टूल घेतलं. ते घेऊन ती आत गेली.

पावणेपाचला अर्शिया दिवाणखान्यातल्या खुर्च्या दुसऱ्यांदा पुसत होती. सिद्रा कुठे दिसेना म्हणून बाहेर आली, तर बाईसाहेब चपलांच्या स्टँडवर चढून दारावर काहीतरी चिकटवत होत्या. अमीनचा गोल चेहरा. डोक्यावर सेलोटेपची आडवी पट्टी.

"सगळ्यांना कळेल," सिद्रा म्हणाली. "हे अब्बूचं घर आहे."

अर्शियाच्या मनात एका क्षणात सगळा जिना उभा राहिला. कोण वर जातं, कोण खाली येतं, कोण पाहील, कोण फोटो काढेल. तिचा हात पट्टीकडे गेला. पट्टीचं एक टोक सुटलेलं होतं. तिने ते अंगठ्याने दाबून बसवलं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. पुण्यातली माणसं वेळेवर येतात, हीच पंचाईत होती. कोणी उशिरा येईल अशी समजूत घालायलाही जागा नव्हती. सिद्राने केकवरच्या चार मेणबत्त्या काढून परत खोचल्या. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, तर ती उतरून पुन्हा दाराकडे तोंड करून बसली. अमीन म्हणाला, "आपण चौघं कापू." अर्शिया म्हणाली, "अजून थांब." ग्रुप तिने सकाळपासून उघडला नव्हता. फोन समोरच होता. दोन ओळी लिहायला अजूनही वेळ होता. तिने फोन उचलला आणि नेऊन स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवून दिला.

मग जिन्यात पावलं वाजली. लहान आणि मोठी. दारापर्यंत आली आणि थांबली. बेल मात्र वाजली नाही.

अर्शिया उठली. दाराच्या भिंगातून तिने पाहिलं. गुलाबी फ्रॉकमधली ओवी टाचा उंचावून अमीनच्या चेहऱ्याकडे बघत होती. शर्मिला मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती. किल्ल्या निघाल्या, रुमाल निघाला, मग एक चौपदरी घडी. तिने ती उलगडली, दारावर धरली आणि हाताने चोळून सपाट करू लागली. भिंगापुढे अंधार आला.

अर्शियाने दार उघडलं. शर्मिलाचा हात तसाच हवेत राहिला. हातात अनिरुद्ध होता, नाकावरून आडवी घडी पडलेला.

"धुवायच्या शर्टात निघाला," शर्मिला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "सेलोटेप आहे का गं?"

आतून सिद्रा धावत आली आणि ओवीला हात धरून खेचून घेऊन गेली. अर्शियाने स्टँडवरची टेप उचलून शर्मिलाच्या हातात दिली.

"तूच लाव," ती म्हणाली, आणि दार पूर्ण उघडं ठेवून आत मेणबत्त्या पेटवायला गेली.