तिटेएवढं उणं

"चव आली, पन काय तरी कमी हाय गो."

गुणाजीचा हा आवाज मालूच्या कानावर पहिल्यांदा पडला तेव्हा बाळकुमला त्यांच्या घरामागे अजून वालाची शेतं होती, आणि खाडीवरचा वारा न विचारता चुलीपर्यंत यायचा. साल चौऱ्याऐंशी. गुणाजी मालवाहू बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. वर्षाचे दहा महिने दर्यावर आणि दोन महिने घरी, असा त्यांचा संसार. त्या खेपेला त्याची बोट मेक्सिकोच्या एका बंदरात अडकून पडली होती, आणि घरी येताना त्यानं साडी आणली नाही, घड्याळ आणलं नाही, आणली ती एक चव. तीही तोंडीच.

धक्क्यावर एक म्हातारी खारवलेल्या काकड्या विकायची, असं त्यानं सांगितलं. काकडी उभी चिरायची, पोट कोरायचं, आत खारे शेंगदाणे भरायचे आणि वरून दाट, लाल रस ओतायचा. जर्दाळू खारवून वाळवायचं, त्यात मिरची, लिंबू, साखर. गोड म्हणेपर्यंत आंबट, आंबट म्हणेपर्यंत तिखट. नाव चामोय. मालूच्या सासूनं, दगडाबाईनं, ते चामुई करून टाकलं आणि देवीचंच नाव असल्यासारखे हात जोडले.

मालूनं कधी न पाहिलेली ती वस्तू ऐकून ऐकून केली. कोवळ्या काकड्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या, बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं आणि आंबूस वास सुटेपर्यंत ती ओट्यावर ठेवली. जर्दाळू कुठून आणणार? तिनं वाळकी बोरं शिजवली, गर चाळणीतून काढला, त्यात आंबोशीची पूड आणि गूळ घातला, ब्याडगी मिरच्या भिजवून पाट्यावर वाटल्या. रस असा उतरला की पळीवरून ओघळताना त्यात चुलीचा जाळ दिसावा.

गुणाजीनं काकडी खाल्ली. डोळे मिटले. बोटं चाटली. मग डोळे उघडून ते वाक्य बोलला.

काय कमी आहे हे त्याला सांगता येईना. मालूनं मीठ विचारलं, गूळ विचारला. तो नुसता मान हलवत राहिला आणि दुसरी काकडी उचलली. भंडाऱ्याची जीभ, ती खोटं कशाला बोलेल? मालूनं मनाशी धरलं, पुढच्या रजेला जमवायचं. दगडाबाई उखळाशी बसल्या बसल्या गात होती.

हातची गो चव माझे, नको सांगूस वाऱ्याला
वारा सांगंल खाडीला, खाडी नेईल दर्याला

मालूला ते गाणं नुसतं गाणं वाटलं.

पुढे ती नौपाड्यात शिवणक्लासला जाऊ लागली, तिथं तिला विमलाबाई भेटली. डोंबिवलीची, मूळची राजापूरकडची, बोलायला फटकळ, हाताला उदार. एकदा मालूच्या डब्यातली काकडी तिनं चाखली आणि मशीनवरून पाय काढून घेतला. हे काय आहे, कुणी शिकवलं, अजून आहे का, असे तिचे प्रश्न संपेनात. ती घरी पापड-लोणची करून विकायची, आता स्टेशनजवळ गाळा घेणार होती. तिनं सरळ विचारलं: भागीत येशील? पाटीवर दोघींची नावं घालू, तुझं आधी.

मालूचं नाव तोवर फक्त रेशनकार्डावर होतं, तेही गुणाजीच्या नावाखाली. ती घरी आली ती पाय जमिनीला न लावता. पण त्या घराची रीत होती. बाहेर जायची वस्तू आधी घरच्या माणसाच्या जिभेला पटावी लागायची. मालूनं विमलाबाईला सांगितलं, हे येऊ देत, अजून थोडं कमी आहे.

हे आले. मालूनं काकडी पुढे केली. भागीचं काही बोलली नाही, आधी पसंती मिळू दे म्हणून. गुणाजी हसला, तिच्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, कमी हाय.

पुढच्या रजेलाही तेच. मालूनं बोरांऐवजी चिंच घेतली, मग कोकमाचं आगळ. एकदा ठाण्याच्या बाजारातून महागडं जर्दाळूही आणलं. विमलाबाई दर वेळी चिडायची. अगं, तुझ्या नवऱ्याला विकायचंय की गिऱ्हाईकाला? मालू हसून मान खाली घालायची. शेवटी विमलाबाईनं गाळा एकटीनं घेतला, पाटी एकटीच्या नावाची लावली.

काकडीतलं उणं हळूहळू मालूच्या हातातच उतरलं. हळदीच्या घरी बायका रस्सा ढवळायला बोलवायच्या, तर ती कांदे चिरायला बसायची. शेजारी वाटी द्यायची ती आधीच सांगून, की फार काही जमलेलं नाही. दगडाबाई गेली. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत मालूचं घर आलं. वारा आता जिन्यात अडखळत यायचा.

पंच्याण्णव साली गुणाजी बोटीवरून कायमचा उतरला. त्याच दिवाळीत विमलाबाई फराळाचा डबा घेऊन बाळकुमला आली. मालूनं तिच्यापुढे काकडी ठेवली. विमलाबाईनं ती खाल्ली आणि गुणाजीला म्हणाली की भावोजी, आता तरी सांगा, यात कमी काय ते.

गुणाजी खदखदून हसला.

"कमी? ताई, पयल्या खेपेलाच त्या म्हातारीच्या वरची झालती. आय सांगायची, बायकोच्या हाताला तोंडावर चांगलं म्हटलं का हाताची चव उडते. पोराच्या गालाला तीट लावतात ना, तशी मी हिच्या हाताला लावायचो. आनि कमी म्हटलं का ही परत करायची, मला परत खायला मिलायचं."

मालूकडे त्यानं अशा डोळ्यांनी पाहिलं, जणू इतक्या वर्षांचं सांभाळून ठेवलेलं लेणं आता देतोय. विमलाबाईचं तोंड उघडलं. मालूनं तिच्या हातावर हात ठेवला, तेव्हा ते मिटलं. चहा न घेताच ती उठली. जिन्यापर्यंत सोडायला मालू गेली.

मालू परत आली तर गुणाजी ताटलीतला उरलेला रस बोटानं पुसून खात होता. राग यावा तर त्यानं दुष्टपणा केला नव्हता. हसावं तर ओठ हलेनात. त्यानं विचारलं, ताई अशा का गेल्या, माझं काही चुकलं का?

ती त्याच्यासमोर खाली बसली. पदरानं हात कोरडे केले, कोरडेच होते तरी.

"त्यांच्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव येनार होतं," ती म्हणाली. "पयलं माझं, मंग त्यांचं. तीन दिवाल्या त्या माझ्यासाठी थांबल्या. मी तुमाला कधी सांगितलं नाय. तुमी एकदा चांगलं म्हना, मंग सांगू, म्हून थांबले व्हते."